फटी ठेवलेलं घर

दक्षिणेचा वारा सुटला की आमच्या गावात
कोणी कोणाला काही सांगत नाही.
कुत्रा चुलीच्या राखेत जाऊन झोपतो,
पोपट गप्प होतात,
आणि माझी जोझियानी, पंधरा वर्षांची घोडी,
दोन फ्रॉकांवर बापाचा शर्ट चढवते.
(बाप मानाउसला गेला. शर्ट राहिला.)
त्या दिवशी धक्क्यावरचा रेडिओ म्हणाला, तेरा अंश.
जुरुआ नदीतून वाफा निघत होत्या,
तळाशी कोणी कॉफीचं आधण ठेवल्यासारख्या.

आणि हा पुढच्या खोलीतला भाडेकरू,
यालमारी, फिनलंडच्या टोकावरून आलेला,
नदीची पातळी मोजायची यंत्रं बसवणारा,
अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात पायऱ्या उतरून निघाला.
शीळ घालत.
मी म्हटलं, मरशील.
तो म्हणाला, फ्रान्सिनेइदबाई, तेरा म्हणजे आमचा जून.
तेराला आमच्याकडे तळ्यात उड्या मारतात,
म्हाताऱ्या बायकासुद्धा.

संध्याकाळी कॉफीबरोबर त्यानं आपली थंडी काढली,
लोक पाकिटातून घरच्यांचे फोटो काढतात तशी.
उणे तीसला नाकातले केस कुरकुरतात.
उणे तीसला बर्फ बुटाखाली किंचाळतो,
आणि त्याची आई अंथरुणातूनच
रस्त्यावरच्या पावलांवरून आकडा ओळखायची.
मी विचारलं, उणे म्हणजे किती खाली?
त्याला सांगता येईना.
मी म्हटलं, माझ्या घराला नऊ पायऱ्या.
मोठ्या पुरात पाणी आठवीपर्यंत चढलं,
नववीवर मी बसले होते, मांडीवर कोंबडी घेऊन.
तसं काही?
हो, म्हणाला, तसंच. पण उतरत जाणारं,
आणि शेवटची पायरी कुणी पाहिलेली नाही.

रात्री दोनला दारावर टकटक.
यालमारी. ओठ जांभळे, काखेत हात,
दातांवर दात वाजतायत.
म्हणाला, थंडी घरात आलीय.
साप आलाय म्हणावं, तशा आवाजात.

त्यांच्याकडे म्हणे ती उंबरा ओलांडत नाही.
खिडक्यांना तीन तीन काचा, भट्टी रात्रभर,
बाहेर लांडगे कुडकुडतात
आणि आत माणसं बनियनवर आइस्क्रीम खातात.
बत्तीस वर्षं थंडीत काढली पठ्ठ्यानं
आणि काकडत झोपायची वेळ
एका रात्रीही आली नव्हती.

मी कंदील खाली धरून त्याला जमीन दाखवली.
फळ्यांमधून खालच्या कोंबड्या दिसतात.
त्या फटी माझ्या बापानं बोट घालून, मोजून सोडल्या,
वारा यावा म्हणून.
अख्खं वर्ष आम्ही त्याला ये बाबा, ये म्हणतो.
मग तीन दिवसांपुरतं
कुठल्या तोंडानं नको म्हणायचं?

इस्त्री तापवली, टॉवेलात गुंडाळली,
त्याच्या झोळीत पायांशी सरकवली.
वरून साखरेची रिकामी पोती.
जोझियानीनं काही न बोलता शर्ट उतरवून दिला.
तो हसत होता, हसताना त्याचा जबडा लटपटत होता.
मी नाही हसले.
या जमिनीवर मी दोन पोरं बाळंत झाले,
त्यातलं एक जुलैतलं.
तेव्हाही आकडा असाच काहीतरी होता, लहानसा,
कोणाला सांगावा असा नव्हे.

जाताना त्यानं खांबाला एक तापमापक ठोकून दिला.
जोझियानी म्हणते, मोडकाच दिला.
बरोबर आहे तिचं, वर्षभर तो एकतीस, बत्तीस,
फार तर तेहतीस, खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा.
काल तो हलला म्हणे.
मी पाहिलं नाही.
मी चुलीपाशी गेले,
कुत्र्याला थोडं बाजूला सारलं,
आणि इस्त्री निखाऱ्यावर ठेवली.